घोडीखालची कतरन

आमच्या घोडीची लीद नाल्यात जायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या वरातींना घोडी द्यायचे. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती एकच पांढरी घोडी, आणि तिच्या जिवावर आमचं घर. रोज सकाळी लिदीचं घमेलं भरायचं आणि नाल्यात उपडं करायचं. नाला आधीच कारखान्यांच्या पाण्याने कधी लाल, कधी जांभळा, त्यात आमची भर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात सायन्सला होते, पर्यावरणावरचं एकुलतं एक पुस्तक वाचलं होतं आणि जिभेला हाड नव्हतं. एक दिवस आप्पांच्या हातातलं घमेलं हिसकावून घेतलं. म्हटलं, "लाज वाटायला पाहिजे आपल्याला!"

"मग कुठं टाकू? डोक्यावर?" आप्पा म्हणाले.

उपाय मीच शोधला. बदलापूर गावातले एक शेतकरी काका टेम्पोने भाजी घेऊन कॅम्प तीनच्या बाजारात यायचे. त्यांना गाठलं. येताना त्यांनी घोडीखाली अंथरायला भाताचा पेंढा आणायचा, जाताना लिदीची पोती शेतात खताला न्यायची. दोन-अडीच वर्षं झकास चाललं. घोडी पेंढ्यावर लोळायची आणि रिकाम्या वेळी त्यातलाच तोंडात टाकायची. मला तर माझंच केवढं कौतुक! गल्लीत कुणी नाल्यात पिशवी फेकली की मी कंबर कसून भांडायला हजर.

मग एकदा काका रिकामा टेम्पो घेऊन आले. "पोरी, शेतावर बिल्डिंगी होनार आता. भावांनी सह्या केल्या, मी पन केली. पेंढा कुठून आनू?"

"तुम्ही पण, काका?" मी तडकलेच. लीदही आता नको, काका म्हणाले, टाकायला जागाच राहिली नव्हती.

आप्पा म्हणाले, "पेंढा दुसरीकडून बघू. भिवंडीकडे मिळतो." पण मला कुठला धीर! कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचे कारखाने गल्लोगल्ली झाले होते. कापून उरलेल्या चिंध्यांना तिथं कतरन म्हणायचे, आणि तिचे ढीग उघड्यावर पेटवून द्यायचे. त्या धुराने घसा सोलून निघायचा. मी म्हटलं, हीच कतरन आणू. धूर वाचेल आणि घोडीला मऊ अंथरूण मिळेल. आप्पांनी एक चिंधी उचलून बोटांत चोळली, वास घेतला. "पेंढ्याचं काम पेंढाच करतो," म्हणाले.

"आप्पा, यातलं तुम्हाला नाही कळत," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

पोती भरभरून कतरन आणली. शेड निळी झाली. लिदीसाठी मागे खड्डा खणला, त्यावर माती पसरायला लागले. मला वाटलं, आपण जिंकलो.

महिन्याभराने, ऐन लग्नसराईत, एका दुपारी घोडीने चण्याला तोंड लावलं नाही. मान वळवून सारखी पोटाकडे बघायची, पायाने जमीन उकरायची. अंगाला दरदरून घाम. आडवी पडून लोळायला लागली तशी मी अंबरनाथला रिक्षाने गेले आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आली ती सुकलेली लीद, आणि तिच्यात निळे दोरे. डॉक्टर ओढत गेले, तसा वेणीसारखा पीळ बाहेर येत गेला आणि तुटला.

"खायला काय देता हिला?" त्यांनी विचारलं. मी तिच्याखालच्या कतरनीकडे बोट दाखवलं.

आतड्यात गोळा झालाय, म्हणाले, आणि ऑपरेशन इथं होण्यातलं नाही. इंजेक्शन देऊन गेले. आप्पा लगाम धरून तिला अंगणात फिरवत राहिले, थांबली की पुन्हा चालवायचे, कानात काहीबाही बोलायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पुढचे पाय दुमडले. त्यानंतर ती उठली नाही.

नगरपालिकेची गाडी तिला घेऊन गेली. मी शेडमध्ये कतरनीवर बसून ढसाढसा रडले. आप्पा दारात उभे होते. मी म्हटलं, "माझ्यामुळे गेली. शिव्या द्या मला, मारा."

"मी बघितलं होतं तिला चिंध्या चघळताना," आप्पा म्हणाले. "रोज बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सायन्स शिकलेली. म्हटलं, हिला ठाऊक असणार."

घोड्यांमध्ये उभा जन्म काढलेला माणूस मला हे सांगत होता. त्यांच्या आवाजात राग असता तर मी कसंतरी निभावून नेलं असतं.