बाबांसाठी घडीचं वर्कबेंच

माझे सासरे ओरडायचे थांबले आणि घर अगदी सुनंसुनं झालं.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला त्या आवाजाची सवय. खिळे उघड्यावर ठेवले, ओरडा. हातोडीनं नारळ फोडला, ओरडा. मीही काही गरीब गाय नाही. मी उलटून बोलायचे, मग ते आणखी चढायचे, आणि सासूबाई मधे चहाचे कप आणून ठेवायच्या. आमचं रोजचंच होतं ते. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबा एकदम गोड बोलायला लागले. मी चहात साखर विसरले तरी म्हणायचे, "राहू दे गं पोरी, चालतंय." चालतंय? आमच्या बाबांना? मला तर धडकीच भरली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, आता जमिनीवर बसायचं नाही. आणि बाबांचं सगळं काम जमिनीवर. भातशेतीतून सवड मिळाली की पडवीत फतकल मारून बसायचं, लाकूड डाव्या पायाखाली दाबायचं, त्याचं टोक अंगठ्याच्या बेचक्यात धरायचं आणि करवत चालवायची. कुदळीचे दांडे, खाटेचे पाय, शेजारणींचे पाट, सगळं त्या एका पायाखालून गेलेलं. आमच्याकडची जुनी माणसं अशीच काम करतात. उभं राहून, टेबलावर ठेवून लाकूड कापणं ही त्यांना शहरी थेरं वाटतात.

आता पडवीत मोडक्या वस्तूंचा ढीग वाढत चालला. सुतार बोलवावा, तर सगळे कळंबच्या रिसॉर्टांवर अडकलेले. एक दिवस बाबा खुर्चीत बसून त्या ढिगाकडे बघत म्हणाले, "भंगारात घाला आता समदं. माझ्याच्यानं काय व्हायचं नाय." आवाज इतका मऊ होता की मला रडूच आलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली मी.

मग मला हे घडीचं वर्कबेंच, म्हणजे लाकूड कापायचं दुमडतं टेबल, सुचलं. नवरा कुंभिवलीच्या एका कारखान्यात आहे, त्यानं फोनवर चार फोटो दाखवले आणि म्हणाला, "मागव ऑनलाइन, उद्या दारात." मी म्हटलं, "फोटोवर हात टेकून बघता येतं का रे? मोडलं तर बाबा तोंडावर आपटतील." दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी बाबांना खालापूरच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. रस्ताभर त्यांचं एकच, "मला नको. कशाला उगाच."

दुकानातल्या चाचांनी तीन बेंच उघडून मांडले. पहिलं अगदी हलकं, एका हातानं उचलता येईल असं. मी त्यावर दोन्ही कोपर टेकून हलवलं तर ते लगेच डुगडुगायला लागलं. चाचा ओरडले, "ताई, बेंच आहे ते, झोपाळा नाही!" दुसरं लोखंडी, मजबूत, पण घडी घालायला दोन माणसं लागावीत असं. ते पडवीत मांडलं असतं तर तिथंच राहिलं असतं. तिसऱ्याची वरची फळी दुभागलेली होती. बाजूचा दांडा फिरवला की दोन्ही फळ्या जवळ येत आणि मधलं लाकूड घट्ट धरून ठेवत. पाय अर्धे दुमडले की ते खुर्चीवर बसून काम करण्याजोगं बुटकं व्हायचं. आणि खाली एक पट्टी होती. चाचा म्हणाले, "करवत चालवताना इथं पाय द्यायचा. बेंच जागचं हलत नाही."

बाबा दाराशी खुर्चीत बसून हायवेच्या गाड्या बघत होते. मी चाचांशी भाव करायला वळले आणि मग सहज मागं पाहिलं. बाबा काठी टेकत तिसऱ्या बेंचपाशी आलेले. कुणी बघत नाही असं समजून त्यांनी चप्पल काढली, डावा पाय त्या पट्टीवर ठेवला आणि दाबून पाहिला. मी झटकन तोंड फिरवलं आणि चाचांना म्हटलं, "हेच बांधा."

आता तुम्हाला वाटेल, बेंच घरी आलं आणि बाबा कामाला लागले. कसलं काय! आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिची पूजा, मग तिला जपणं, आणि वापर जमलाच तर. सासूबाईंनी बेंचला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी वरचं प्लास्टिक काढायला गेले तर म्हणाल्या, "र्‍हाऊ दे गं, चरे पडतील." दोन दिवसांत त्यावर विणलेला रुमाल आला. मग बाबांच्या गोळ्या आल्या, पेपर आला, चष्म्याची डबी आली. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि बाबा दांडा फिरवून फळ्या कशा मिटतात ते दाखवायचे. सकाळी उठून फडक्यानं पुसायचे. पण करवत खुंटीवरच.

"बाबा, माझं स्टूल डुगडुगतंय, जरा बघा ना," मी म्हणायचे.

"बघू गं. नवीन हाय बेंच. खराब व्हायला नको."

मी पहिल्यांदा चिडले, मग मला समजलं. त्यांना बेंचची काळजी नव्हती. त्यांना भीती वाटत होती. करवत हातात घेतली आणि जमलं नाही, तर मग उरलं काय? रुमालाखाली बेंच झाकलेलं होतं तोवर तो प्रश्नही झाकलेला होता.

पण समजलं म्हणून माझा राग थोडाच जातो! एका दुपारी मी पोळ्या लाटत असताना शेजारचं स्टूल पुन्हा कलंडलं आणि त्यावरचा पिठाचा डबा माझ्या अंगावर. झालं! तशीच पिठानं माखलेली पडवीत आले. रुमाल ओढला, गोळ्या खिडकीत ठेवल्या, प्लास्टिक टराटरा फाडलं. सासूबाई "अगंबाई" करत दारात उभ्या. स्टूल फळ्यांत आडवं धरलं, दांडा फिरवला, खुंटीवरची करवत काढली आणि जो पाय मला लांब वाटत होता तो कापायला लागले. करवत दोनदा अडकली. तिसऱ्यांदा जोर केला तर ती सटकली ती थेट बेंचच्या फळीत. बोटभर लांब चीर!

"अगं ए! अक्कल हाय का नाय तुला?"

पडवी दणाणली. मी दचकून वळले. बाबा खुर्चीतून उठलेले, काठी तिथंच पडलेली.

"करवत हाय ती! भेंडी चिरतेस काय? आन् पाय धरलास त्यो पण चुकीचा! आखूड कुठला, लांब कुठला, डोळे हायेत का नाय? सर बाजूला!"

त्यांनी करवत माझ्या हातातून हिसकावली. स्टूल उलटं करून दुसरा पाय फळ्यांत धरला, खुर्ची पुढं ओढून बसले, मला बेंच बुटकं करायला लावलं आणि डावा पाय पट्टीवर दाबला. पहिला हात जरा वाकडा गेला. दुसरा सरळ गेला. मग करवतीचा तो खर्र खर्र आवाज पडवीत नेहमीसारखा सुरू झाला.

आणि तोंडही सुरू झालं. नवी कोरी वस्तू नासवली. बायकामाणसांनी न सांगता हत्यारांना हात लावायचा नाय. पीठ माखून कोण येतं का बाहेर? करवतीला गंज चढलाय, तेल कुणी घालायचं, मी? घरात येवढी माणसं, एकाला अक्कल नाय.

एरवी मी एकाला दोन ऐकवले असते. त्या दिवशी खाली मान घालून, स्टुलाची दुसरी बाजू धरून उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी पिठात मिसळून गालावर ओघळत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. मला वाटत होतं, बोला बाबा, आणखी बोला.

दारात सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या.