करदोड्यात दोन बोटं

नवजात बाळांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे म्हटलं की लोकांचे चेहरेच पडतात. अहो, दोन ड्युट्या झाल्या की एक किस्सा जमतोच, आणि चहाला बसलं की तो मागचे चार सोबत घेऊन येतो!

प्रत्येक बाळाला जन्मल्यावर आम्ही व्हिटॅमिन के टोचतो. आणे गावच्या एका बापानं मला अडवलं.

"कशाला वो टोचताय?"

"आत कुठं रक्तस्राव होऊ नये म्हणून."

त्यानं जरा विचार केला आणि बाही वर सारली. "मला बी एक द्या मंग!"

मढ गावच्या एका बाळानं रक्ताची उलटी केली. नुसती धावपळ! तपासलं तर रक्त आईचं निघालं. स्तनाग्राला चीर पडली होती, दुधाबरोबर ते पोटात गेलेलं. बाळ ठणठणीत! हे ऐकल्यावर बाळाच्या आजीनं आपल्या लेकाकडं बोट केलं. "बापावर गेलंय! त्यानं बी माझं लई रक्त पिलंय!"

एकदा बाळाला रक्त लागेल म्हटल्यावर घोडेगावाकडून जीप भरून पैलवान आले. डॉक्टर म्हणाले, "अर्धा कप पुरे." एक पैलवान खट्टूच झाला. "काय राव, आमी केळी खाऊन आलोय की!"

आणि पिंपरी पेंढारची ती आत्या! बाळंतपण अवघड गेलेलं, बाळ चांगलं चार किलोचं. तिसऱ्या दिवशी बघते तर पाचवीचीही वाट न बघता आत्यानं त्याच्या कमरेला काळा करदोडा बांधलेला! मी तणतणत कात्री घेऊन आले.

"कापा, सिस्टर. पन आधी बघा. सकाळी दोन बोटं शिरत व्हती, आता नख बी शिरत न्हाई."

माझा हात थांबला. पोट टम्म, ओठ पांढरे, नाडी नुसती पळत होती. डॉक्टर धावत आले. सोनोग्राफीत दिसलं, यकृताला इजा होऊन पोटात रक्त झिरपत होतं. खरं सांगते, मला रडूच आलं. मी त्या बाईला झापायला गेले होते!

करदोडा कापला, तो आत्यानं गाठीसकट जपून ठेवला. बाळाला रक्त चढवलं, पुण्याच्या सर्जनना फोनवर तयार ठेवलं. ऑपरेशनची वेळ आली नाही. सहाव्या दिवशी डॉक्टर बाळाचं पोट मोजून टेप गुंडाळत म्हणाले, "पोट उतरलंय."

"टेपचं तुमचं तुमी बघा," म्हणत आत्यानं तोच करदोडा कापलेली टोकं जुळवून बाळाच्या कमरेभोवती हलकेच धरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आणि ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"शिरली! दोन्ही शिरली!"