सेप रटलेजचं खत

सेप्टिमस रटलेज माणूस म्हणून कसा होता ते सांगायचं तर त्या एका वर्षाबद्दल सांगावं लागेल, आणि त्यात माझीही लाज निघेल. निघू दे. जूनपासून ऑगस्टपर्यंत मी तोंडात मूग गिळून बसले होते, आता पुरे झालं.

आमचं ब्रॅकन रो हे उत्तर इंग्लंडातलं, डरहमकडचं जुनं खाणगाव. खाण बंद होऊन जमाना झाला, पण टेकडीच्या उतारावरच्या अलॉटमेंटचे, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीचे, बावीस पट्टे अजून तसेच आहेत. प्रत्येक पट्ट्यावर जुन्या दारांच्या फळ्या ठोकून उभी केलेली एक खोपटी, आणि गेटाजवळ सगळ्यांची मिळून एक मोठी शेड, जिच्यात चहाची किटली असते आणि भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा मग टांगलेला असतो. इथल्या माणसाला तू पगार किती घेतोस असं विचारलंत तर सांगेल; लीकच्या वाफ्यात काय घालतोस असं विचारलंत तर तुमच्याशी बोलणं टाकेल. लीक म्हणजे कांद्याचा गोरापान, दंडाएवढा जाड भाऊ. सप्टेंबरात क्लबात त्यांचं प्रदर्शन भरतं आणि त्या आठवड्यात सख्खे मेव्हणे एकमेकांच्या कुंपणावरून डोकावत नाहीत.

मी या गावात नर्स म्हणून आले आणि इथलीच झाले. नवरा गेला त्या हिवाळ्यात मी घरात नुसती भिंतीकडे बघत बसायचे. सेपनं दार वाजवलं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लीकची वीस रोपं. त्याच्या बापाच्या हातचं वाण. बी धरायचं नाही, फुलोऱ्यावरची रोपटीच काढून लावायची, म्हणजे वाण तेच राहतं. म्हणाला, "पोरी, अकरा नंबरचा पट्टा रिकामा पडलाय. मी सेक्रेटरी मॉरीनला सांगितलंय तुझं नाव." मी छप्पन्न वर्षांची होते, पण सेपसाठी साठीच्या आतली प्रत्येक बाई पोरगीच होती.

सेप तेव्हा सत्त्याहत्तरचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पंधराव्या वर्षी खाणीत उतरला, खाण बंद झाल्यावर वर आला तो थेट पट्ट्यावरच. एक्केचाळीस वर्षं एकच पट्टा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. "डोळ्यांनी शेती करत नाहीत," म्हणायचा, आणि गेटच्या खांबाला धडकायचा.

दरवर्षी ऑक्टोबरात साऱ्या पट्ट्यांसाठी खत आणायचं काम त्याचं. कोणी सोपवलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणी ते करायची हिंमत केली नसती. ज्या म्हाताऱ्या गवळ्याकडून तो शेण आणायचा, त्यानं त्या वर्षी गोठा मोडला. मग पलीकडच्या दरीत घोड्यांचा एक नवा तबेला असल्याचं त्याला कळलं, आणि मी त्याला माझ्या गाडीतून तिथं नेलं.

ढीग बघून सेप हरखला. मूठभर उचलून कुसकरलं, नाकाला लावलं, मला लावायला लावलं. खरंच सुरेख खत होतं, काळं, भुसभुशीत, वास जंगलातल्या मातीसारखा. तबेल्याची मालकीण तरुण, बोलायला साधी. ती म्हणाली, "एक सांगून ठेवते हं आजोबा. कुरणात काटेरी तण फार झालं होतं म्हणून उन्हाळ्यात औषध मारलंय. चालेल ना तुम्हाला?"

सेप म्हणाला, "बाई, घोड्याच्या पोटातून जे बाहेर पडलं ते पवित्रच समजायचं."

ती हसली. मीही हसले. चांगलीच खो खो हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दोन ट्रॉल्या खत आलं. सेपनं गेटाशी उभं राहून बावीस पट्ट्यांना ढकलगाडीनं मोजून वाटलं. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी घेतला, आणि त्यातलाही थोडा मला दिला. हिवाळाभर लोकांनी चर खणले आणि तळाशी हे खत हातभर जाड अंथरलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी खिडक्यांतल्या कुंड्यांत कांद्याचं बी पडलं. गुड फ्रायडेला, पाऊस असो की बर्फ, सगळ्यांचे बटाटे जमिनीत गेले पाहिजेत. खाणीच्या काळात तेवढीच एक हक्काची सुट्टी असायची, म्हणून नातवंडंही त्याच दिवशी लावतात. माझ्या शेजारच्या बारा नंबरचा केनी स्टोको दोरी लावून ओळी आखतो. त्याच्या बटाट्याच्या सऱ्या म्हणजे चर्चमधली बाकंच. सगळ्यांच्या तोंडी एकच, सेपनं यंदा काय झकास माल आणलाय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केनीनं मला हाक मारली. "लिनी, इकडे ये जरा. हे बघ काय झालंय." त्याच्या बटाट्याचे शेंडे आक्रसून नेच्याच्या पानासारखे गुंडाळले होते. आधी म्हणाला थंडी लागली. मग म्हणाला रोग आहे. तोवर वाटाणा वाकडा झाला, घेवड्याचे वेल काठीला न चढता जमिनीवरच वळवळत बसले, आणि मॉरीन पायबसच्या काचघरातल्या टोमॅटोंची पानं दोऱ्यासारखी बारीक झाली. मॉरीन आमची सेक्रेटरी, शाळेत हिशेब शिकवून निवृत्त झालेली, अर्धवट उत्तर न चालणारी बाई. तिनं पानं पाकिटात घालून कृषी खात्याला पाठवली. उत्तर आलं ते तिनं शेडमध्ये मोठ्यानं वाचलं. कुरणावरचं काट्यांचं औषध गवतात राहतं, घोड्याच्या पोटातून तसंच बाहेर येतं, खत कुजलं तरी जात नाही. रुंद पानांची पिकं दोन वर्षं तरी नीट येणार नाहीत. गवत, कांदा, लीक यांना काही होत नाही.

मी त्या क्षणी सेपकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "सेप, ती बाई बोलली होती."

"आठवतंय मला."

"मग सांगायचं ना त्यांना?"

"सांगितलं तर काय होईल ठाऊक आहे तुला? नियम चौदा. जाणूनबुजून जमीन नासवली तर पट्टा परत." तो थांबला. "मला जाणूनबुजून कळलं नव्हतं गं. पण मला सांगितलं होतं. या दोन्हींत त्यांना फरक वाटेल का?"

मला नाही वाटलं वाटेल असं. आणि खरं सांगते, माझ्या मनात आधी माझा अकरा नंबर आला, मग सेप. मी म्हटलं, "राहू दे मग. विचारलं तर बघू."

कोणी ते विचारलंच नाही. त्यांनी दुसरंच धरलं. सेपचा पूर्ण पट्टा लीक आणि कांद्यांचा. घेवडा त्यानं बायको गेल्यापासून लावला नव्हता. सगळीकडे पिकं मुरगळलेली आणि मधोमध सेपचे लीक मांडीएवढे फुगलेले. केनी शेडमध्ये म्हणाला, "कागद काहीही म्हणो. चांगला ढीग घरात ठेवला आणि सडका गावाला वाटला. लीकवाला माणूस, त्याच्या वाफ्यात काय असतं ते त्याच्या बापालाही सांगत नाही."

सेप ऐकून म्हणाला, "ढीग एकच होता." बस, एवढंच. वाफ्यात काय घालतो हे एक्केचाळीस वर्षं लपवलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार! दुसऱ्या दिवसापासून सेपच्या गेटावर रोज सकाळी एक वाकडं बटाट्याचं झाड लटकलेलं. शेडमधला त्याचा मग खुंटीवरून गेला. तो चहाला यायचा थांबला आणि आपल्या खोपटीत थर्मास घेऊन बसू लागला. मी त्याच्याजवळ बसायचे, पण केनी बघत नसेल तेव्हा. हेही सांगून टाकते.

जुलैत सेप आपणहून केनीच्या कुंपणाशी गेला. "केनी, तुझं घेवड्याचं बी आण. तुझ्या हातानं माझ्या लीकच्या वाफ्यात लाव. उगवलं नीट तर मी चोर."

केनीनं बारा बिया आणल्या आणि लीकच्या दोन ओळींच्या मधे, प्रदर्शनाच्या लीकची मुळं दुखावतील याची पर्वा न करता, बोटानं भोकं पाडून लावल्या. सेप शेजारी उभा. दर भोकाला तो जबडा आवळत होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी असा माणूस पाहिला जो रोज पहाटे घेवड्याला पाणी घालतो आणि देवाकडे मागतो की तो वाकडा निघावा. कोंब वर आले तेव्हा सरळ होते. सेपचा चेहरा पांढरा पडला. "पोरी, सरळ आहेत का ते? मला नीट दिसत नाही." मी म्हटलं, आत्ता तर सरळ दिसतायत. तो दिवसभर काही खाईना. चार दिवसांनी खरी पानं फुटली, आणि बाराच्या बारा रोपांची पानं पेल्यासारखी आत वळली. मी त्याला सांगितलं तेव्हा तो बादली उलटी ठेवून तिच्यावर बसला आणि रडला. मला वाटलं सुटलो म्हणून रडतोय.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शेडमध्ये मीटिंग झाली. सगळे जमले होते. केनीनं एक उपटलेलं घेवड्याचं रोप टेबलावर ठेवलं, घसा खाकरला. त्याच्यासारख्या माणसाला माफी मागणं म्हणजे दात उपटण्यासारखं. "मी चुकलो. ढीग एकच होता. गेटावर ती झाडं मी टांगत होतो. सेप, तूही आमच्यासारखाच फसलास." त्यानं कोटाच्या खिशातून सेपचा मग काढला, किटलीतून भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. लोकांनी टेबलं वाजवली. मॉरीननं वही मिटली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. संपलं, मला वाटलं, देवा, संपलं एकदाचं.

सेपनं मगाला हात लावला नाही.

"मी फसलो नाही," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं."

केनी म्हणाला, "काय सांगितलं होतं?"

"तबेल्याच्या बाईनं. कुरणावर काट्याचं औषध मारलंय, चालेल का, असं तिनं विचारलं. मी थट्टा केली आणि चालेल म्हणालो. तिनं कसूर केली नाही. मला त्यातलं कळत नव्हतं, आणि कुणाला तरी विचारावं एवढी अक्कलही नव्हती. जूनपासून मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे." त्यानं खिशातून गेटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "नियम चौदा. मॉरीन, लिहून घे."

मॉरीननं वही पुन्हा उघडली. सवय जाते कुठे. "तेव्हा बरोबर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच गेलो होतो."

मी खाली मान घातली. अजून दोन क्षण असेच गेले असते तर मीटिंग संपली असती, आणि मी माझ्या वाफ्यातले लीक घेऊन घरी गेले असते. मला जायचं होतं, हे खोटं कशाला सांगू.

मग केनी अगदी हळू म्हणाला, "सेप, तबेला नऊ मैलांवर आहे. तुला तर समोरचा खांब दिसत नाही."

वीस-बावीस माणसं, आणि त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं की सेपला दवाखान्यात, बाजारात, प्रदर्शनाला कोण नेतं. सगळ्यांच्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले.

"गाडी मी चालवली. मी तिथंच होते. ऐकलं आणि हसले. आणि जूनमध्ये गप्प बसायचं मीच सुचवलं."

मॉरीननं पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. सेप मात्र भडकला. मी पट्टा घेतल्यापासूनच्या अठरा महिन्यांत तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्यानं टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला.

"मूर्ख आहेस तू पोरी! एकाचं नाक कापून भागत होतं ना? मला किती वर्षं राहिलीत आता? माझ्या बापाचं वाण तुझ्या वाफ्यात आहे, तुझाही पट्टा गेला तर ते कोण सांभाळणार?"