धुरा मागे घेणारे साडभाऊ

माझ्या साडभाऊंइतका, म्हणजे साडूंइतका, शरणागत मनुष्य वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. वाटेत कुत्रे आडवे निजले असले तर ते वळसा घालून जात, पायात काटा रुतला तर म्हणत, "तो पयलेपासून तिथं होता जी, मीच आलो." अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि भातकुलीकडचा एकेक धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, लोक कुऱ्हाडी घेऊन राखू लागले. ते दिवस मला आता कापसाच्या उडत्या तंतूंतून पाहिल्यासारखे धूसर दिसतात.

साडभाऊंच्या शेजारच्या पाटलाची हाव मात्र अजून स्पष्ट दिसते. दर पेरणीला त्याची तिफण एक फेरा जास्त घेई आणि साडभाऊंच्या शेतातले तीन तास, म्हणजे तीन ओळी, त्याचे होत. मी अमरावतीहून संतापून पत्रांवर पत्रे लिही: 'आज तास दिलेत, उद्या तो विहीर मागेल.' उत्तर तोंडी येई: "घेऊ द्या न त्याले." पुढे तर त्यांनी कमालच केली. पाटलाच्या माथी चोरीचे पाप नको, म्हणून पेरणीआधी ते स्वतःच धुरा खणून तीन तास मागे घेऊ लागले; वर त्यावर गवत लावून तो जुना दिसावा, हीही काळजी घेत.

अखेर सरकारी मोजणी आली. आता धुऱ्यावर कायमचे दगड बसणार होते, आणि धुरा तर साडभाऊंच्या विहिरीच्या अलीकडे येऊन ठेपला होता. विहिरीसाठी मी अकरा पानांचा अर्ज केला. मोजणीच्या साहेबाने एकच विचारले, "धुरा कोणी सरकवला?"

"मीच जी," साडभाऊ म्हणाले.

विहीर पाटलाची झाली.

परतताना बैलगाडीत मी फणफणत होतो. "आणि उद्या त्याने घर मागितले तर?"

"तवा तुमचा अर्ज लावू." मग त्यांनी बैलांचा कासरा सैल सोडला. "भाऊ, पल्याडच्या गावात धुरा जागच्या जागी हाये. त्याच्यापायी दोघं भाऊ कुऱ्हाडीनं गेले. माहे तिन्ही पोरं सांजच्याले घरी येतात. मले काहून रागावून राहिले?"

घरी येऊन मी अपील लिहावयास घेतले. पाटलाचा अन्याय धडधडीत होता, याविषयी मला आजही शंका नाही. पण मागणीच्या कलमापाशी लेखणी थांबली. विहीर परत मिळावी असे लिहिले, तर ती राखण्यास त्या तिघांपैकी कोण उभा राहील, हेही लिहिणे ओघाने आले असते. मुदत केव्हाच टळली, साडभाऊही गेले. ते कलम अजून कोरे आहे.