भिवराबाईचं दूध

नांदूरघाटात कुणाला पोर झालं की बारशाचं आवतन भिवराबाईच्या घरी जायचं, पण बाळ तिच्या मांडीवर कुणी ठेवत नसे. तिचं दूध इखारी, असा बोलबाला होता. तिलाही तो खरा वाटायचा, हीच त्यातली वाईट गोष्ट.

कारण तिचं पहिलं पोरगं. अंगाला लावलं की चट्‌चट् आवाज करी, ओठाच्या कडेनं दूध गळे, नाक घुरघुरे आणि मध्येच श्वास कोंडून ते निळं पडे. सासूनं जुन्या रिवाजाप्रमाणं तिचं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. झालं! पोराला अंगावरून तोडलं आणि कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजायला लागले. तेही घशात अडकायचं. थोड्याच दिवसांत पोरगं गेलं आणि खापर फुटलं ते भिवराबाईच्या माथ्यावर.

पुढं आसाराम झाला. या वेळी तिनं कुणी सांगायची वाट पाहिली नाही. लुगड्याच्या धडप्यानं छाती आवळून बांधली आणि बाळ थोरल्या जावेच्या, बायनाबाईच्या ओटीत टाकलं. भिंतीपलीकडं तो रडला की इकडं धडपा भिजायचा. आसाराम बायनाबाईला माय म्हणायला शिकला आणि तिच्या पोरांचं ऐकून भिवराबाईला काकू म्हणू लागला. जीव तुटायचा, पण पोर जगत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर तलावाच्या कामावर होतं. सोसायटीतून मिळेल ती लाल मिलो ज्वारी खायची आणि मातीच्या पाट्या टाकायच्या. भिवराबाईचं दूध कधीच आटलं होतं, म्हणून बाभळीखाली झोळ्यांतली लेकरं सांभाळायचं काम आता तिच्याकडं. त्यातच तिचा नातू, आसारामचा तान्हा. एका दुपारी सून ताराबाई त्याला पाजायला बसली आणि भिवराबाईच्या कानावर तोच चट्‌चट् आवाज आला. पोराला ठसका लागला, ओठ निळे झाले.

"तारा, काढ त्याला अंगावरून. वाटीत धार काढ."

"कावून, आत्याबाई?"

"बगू दे मला. एक गेलंय माजं."

ताराबाई रडत धार काढू लागली. भिवराबाईनं बाभळीच्या बुडातली मुंगी चिमटीत धरली. तेवढ्यात लेकरांना तपासायला येणारी नर्सबाई पुढ्यात उभी राहिली.

"मुंगीला काय कळतंय? आधी लेकराचं तोंड तर बघा!"

तिनं अंगठ्यानं बाळाचा वरचा ओठ उचलला. आतून जाड कातडीनं तो हिरडीला घट्ट बांधलेला होता.

"ओठ वळतच नाही, तर पकडणार कसं? मग दूध ठसकतं, दम कोंडतो. केजच्या दवाखान्यात डॉक्टर जरासा छेद देतील. तोवर ओठ असा वर धरून पाजा."

तिनं तसंच लावून दाखवलं. आवाज थांबला. बाळ घुटके घेऊ लागलं.

"मंग दूध?" भिवराबाईनं विचारलं.

"दुधाला काय धाड भरलीय?"

नर्सबाई पुढच्या झोळीकडं गेली. भिवराबाईच्या चिमटीत मुंगी तशीच होती. तिनं रांजणातलं पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं, कुणी बघत नाही असं पाहून मुंगी त्यात सोडली आणि बघत बसली. मुंगीनं पाय झाडले, झाडले, आणि ती निपचित पडली. पाणी तर कुणा बाईच्या अंगचं नव्हतं.

पाटी टाकून आसाराम पोराला बघायला आला तेव्हा ती हमसून हमसून रडत होती.

"मी तुला पाजिलं असतं रे," ती म्हणाली. "लई दूध होतं मला."

आसारामला काही उमगलं नाही.

"ऊन लागलंय तुला, काकू," तो म्हणाला आणि समोरची पाण्याची वाटी उचलून त्यानं तिच्या ओठांना लावली.