काळ्या पिल्लाचा शनिवार

कुत्र्याच्या पिल्लाला उंबऱ्याबाहेर थांबायला शिकवणं सोपं असतं, असं मी मोबाइलवर बघितलं होतं. घास हातात धरायचा, थांबलं की द्यायचा, पुढं आलं की मूठ मिटायची. मारायचं नाही, ओरडायचं नाही. आणि आज चालतं, उद्या चालत नाही, असं तर कधीच करायचं नाही.

आमच्या घरात ते लवकर शिकलं. मी ‘वेट’ म्हटलं की शेपटीनं धूळ झाडत बसून राहायचं. घरात माझं ऐकणारं ते एकटंच होतं.

पण ते काळं होतं. पूर्ण काळं, नखांसकट. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घातली की शनीची पीडा टळते, असं मानतात. आमच्या सोनपेठच्या गल्लीत काळं कुत्रं नव्हतं, त्यामुळे बायकांना पार बसस्टँडपर्यंत जावं लागायचं. आता सोय झाली. शनिवारी सकाळी दारादारांतून ‘ये बाळा, ये राजा’ सुरू व्हायचं. कुणी आत बोलावून पाठीवरून हात फिरवायचं. रविवारी ते आपणहून त्याच दारात जायचं आणि काठी खाऊन यायचं. कुत्र्याला वार कळत नाहीत.

त्याला सांगता येत नव्हतं, म्हणजे माणसांना सांगायला हवं होतं. ‘भाकरी आमच्या फाटकापाशी द्या, मी खाऊ घालते,’ एवढंच. मी ते वाक्य मनात आधी इंग्रजीत, मग मराठीत जुळवायचे आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. शेवटी पप्पांना म्हटलं, तुम्ही सांगा. पप्पा शाळेत क्लार्क आहेत, गल्लीत त्यांना मान आहे.

“आपण नाही सांगायचं,” ते म्हणाले. “इथं बौद्धांचं आपलं एकच घर आहे. आपण शनी-मंगळ मानत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तू बोलशील कुत्र्याबद्दल, त्यांना वाटेल देवाबद्दल बोलतेय.”

मग एका मंगळवारी पिल्लू समोरच्या काकूंच्या घरात शिरलं आणि देवीपुढचा नैवेद्य खाऊन आलं. काकू भांडल्या नाहीत. फाटकाला टेकून मम्मीला एवढंच म्हणाल्या, “कुत्र्याला काय कळतंय म्हणा. माणसांनी तरी...” आणि गेल्या. मम्मीनं हातातला ओला टॉवेल परत पिळला.

पप्पांनी मामाला फोन लावला. मामाचं शेत गोदाकाठच्या गावात. पुढच्या आठवडी बाजाराला येईन आणि पिल्लू घेऊन जाईन, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तोवर मी शिकवते.

“बघ,” पप्पा म्हणाले. “परत कुणाच्या दारात गेलं नाही, तर राहू दे.”

मध्ये एक शनिवार होता. सकाळपासून मी त्याला फाटकाच्या आत साखळीनं बांधलं. गल्लीत हाका सुरू झाल्या तसं ते केकाटायला लागलं. काकू फाटकाशीच आल्या.

“सोड की गं त्याला.”

“काकू, आज नको.” माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“का गं? कुत्र्यालाबी उपास धरायला लावलीस का? इंग्रजी शाळेत हेच शिकवतेत व्हय?”

ओट्यावरच्या बायका हसल्या. काकूही हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आमच्या पोराचं लय वाईट चालू हाय, माय. माझ्या दारात खाऊ दे त्याला.”

त्यांच्या मुलाचं काम सुटलंय, हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच आत येऊन साखळी सोडली. मी बाजूला सरकले.

दुसऱ्या दिवशी ते पळत काकूंच्या दारात गेलं. काकूंनी भरला तांब्या त्याच्या अंगावर ओतला. पप्पा दारातून बघत होते.

बाजाराच्या दिवशी मामा त्याला पिशवीत घालून मोटारसायकलवरून घेऊन गेला. पिशवीतून फक्त डोकं बाहेर होतं.

परवा आम्ही मामाकडे गेलो. ते वाढलंय. घरापासून लांब, लिंबाखाली बसलं होतं. मला बघून शेपटी हलली, पण उठलं नाही. मी बिस्किटाचा पुडा फोडून दाखवला.

“येत न्हाई ते,” मामा कौतुकानं म्हणाला. “आल्या आल्या असं सरळ केलंय, आता कुणाच्या दाराकडं बघतबी न्हाई. लय शाणं झालंय. तुला हेच पायजे होतं ना?”

मी हो म्हटलं. बिस्कीट घेऊन त्याच्याकडे चालत गेले, तर ते उठून तेवढंच मागे सरकलं. मी थांबले की तेही थांबायचं. असं आम्ही दोघं शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेलो. मग मी बिस्किटं जमिनीवर ठेवली आणि परत फिरले. दारात पोचून वळून बघितलं, तेव्हा ते खात होतं.