स्टँडपर्यंत सोडून येतो

माझ्या मावशीच्या यजमानांइतका घरी न बसणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत झालेला नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. त्यांना जन्मठेप झाली असती तरी तुरुंगाच्या गाडीत त्यांनी आधी खिडकीची जागा धरली असती आणि वाटेत चहाला कुठे थांबणार हे हवालदाराला विचारून घेतलं असतं. अवसरी बुद्रुकला त्यांचं चांगलं चार खोल्यांचं घर आहे, पुढे ओटा आहे, ओट्यावर बाज आहे, पण त्या बाजेला पाठ टेकलेले काका मी कधी पाहिले नव्हते. ते बाजेच्या काठावर बसत, आत्ता कोणीतरी हाक मारणार आहे असे, आणि दोन्ही पायांत चपला. जेवायला बसताना चपला निघाल्याच तर पाटाशेजारी येऊन बसत. मावशीने एकदा त्या धुवायला मोरीत नेल्या, तर हे हातात घास धरून तिच्या मागोमाग मोरीपर्यंत गेले. खुंटीला एक पिशवी बारा महिने भरलेली असे: टॉवेल, एक जोड कपडे, पाण्याची बाटली आणि भाकरी बांधायचं फडकं. कुठे जायचं ठरलंय का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ठरल्यावर पिशवी भरीत बसलो तर गाडी थांबती व्हय?"

काकांना पाहुण्यांचा फार लळा होता. कारण सरळ आहे. पाहुणे परत जातात, आणि परत जाणाऱ्या पाहुण्याला स्टँडपर्यंत सोडायला जावं लागतं. "स्टँडपर्यंत सोडून येतो," असं म्हणून ते मंचरला जात. तिथे गाडी आली की पाहुण्याची बॅग वर चढवून देण्यासाठी आत शिरत, जागा बरी आहे ना ते बघायला जरा टेकत, आणि मग म्हणत, आता बसलोच आहे तर नारायणगावपर्यंत येतो. नाशिकला कॉलेजात शिकत असताना मला सोडायला ते असेच मंचरच्या स्टँडवर आले होते. दुपारी माझ्या होस्टेलच्या मेसमध्ये बसून ते तिथल्या डाळीत पाणी किती आहे यावर मत देत होते, आणि इकडे मावशीने त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. तेव्हापासून कोणीही पाहुणा उठला की मावशी न बोलता दोन माणसांच्या भाकरी बांधते, एक पाहुण्याची आणि एक सोडायला जाणाऱ्याची.

बरं, इतकं फिरून हा माणूस बघतो काय? गवत. महाबळेश्वरला अख्खी गर्दी मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभी होती तेव्हा काका तिच्याकडे पाठ करून उताराकडे बघत होते आणि एका गुजराती कुटुंबाला विचारत होते, इथलं गवत मार्गशीर्षापर्यंत टिकतं का. आग्र्याला भाच्याने नेलं. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसा होता ताजमहाल? म्हणाले, "जागा लई मोठी हाय राव, पण चारू देत न्हाईत."

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण त्याला कारण आहे. काकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. दिवाळी आली की त्यांचे वडील कळप घेऊन माळशेज उतरून खाली कोकणात जात आणि पाऊस तोंडावर आला की वर येत. खालचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात भात देत. काकांचं तरुणपण त्या वाटेवर गेलं. मग डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्याने आमच्याकडे आलं, पडीक रानात ऊस आणि कांदा उभा राहिला, आणि मेंढरांना पाय ठेवायला जागा उरली नाही. नव्वदच्या दशकात काकांनी कळप विकला. कळप गेला, पण दिवाळीला पाय उचलायची सवय कोणी विकत घेतली नाही. मग दर दिवाळीला ते भाड्याची जीप करत, मावशीला आणि हाताला लागतील तेवढ्या नातेवाइकांना आत कोंबत आणि त्याच वाटेने खाली जात. नातेवाईक याला सहल म्हणत. त्या सहलीत समुद्र नसे, देऊळ नसे. जीप एखाद्या बोडक्या माळावर थांबे, काका उतरून दोन पावलं फिरत आणि "हितं आमच्या मेंढरांचा वाडा पडायचा, रातच्या मुक्कामाला," असं सांगून पुन्हा चढत. शेवटचा मुक्काम मुरबाडच्या अलीकडच्या एका खेड्यात, आक्काच्या घरी. आक्का ही काकांची मानलेली बहीण. तिला सख्खा भाऊ नाही. एके वर्षी त्या खेड्यात काकांना जोराचा ताप भरला. कळप थांबवता येत नव्हता, म्हणून घरच्यांनी त्यांना आक्काच्या ओट्यावर ठेवलं आणि ते पुढे गेले. तिने महिनाभर त्यांना पेज पाजून उभं केलं. तेव्हापासूनची एकही भाऊबीज काकांनी चुकवली नव्हती.

आता दोन हजार नऊ सालाकडे येते. पुण्यात स्वाइन फ्लू आला, शाळांना सुट्टी मिळाली, आणि पुण्याच्या सुशिक्षित लोकांनी त्या सुट्टीचं काय केलं? सहली काढल्या. साथ आहे म्हणून घरी बसा असं सरकार सांगत होतं, आणि हे लोक गाड्या भरून लेण्याद्रीला, ओझरला, भीमाशंकरला. गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी आणि हातात वेफर्सचं पाकीट. आजार शहरात पकडायचा आणि जिथे भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरच्या माणसाला दवाखान्यासाठी एस.टी.ची तासन्‌तास वाट बघावी लागते तिथे आणून सोडायचा, याला पर्यटन म्हणतात. माझं डोकं फिरलं होतं आणि ते अजून जागेवर आलेलं नाही. आम्ही चारसहा मुलामुलींनी 'दिवाळी घरीच' असं पत्रक काढलं. मजकूर माझा. गुलाबी कागद स्वस्त पडला म्हणून गुलाबी. जुन्नर, नारायणगाव, मंचर, तिन्ही स्टँडवर मी ते वाटलं. एका गृहस्थाने त्याच्यावर भेळ घेतली.

दुनियेला घरी बसवायला निघालेल्या मुलीचे काका जीप भरून निघणार, हे मला चालणार नव्हतं. आणि प्रश्न माझ्या अब्रूचा नव्हता. मावशीला दमा आहे. थंडी सुरू झाली की तिच्या छातीतली शिट्टी ओट्यापर्यंत ऐकू येते. जीपमध्ये मांडीला मांडी लावून दहा माणसं, त्यातली दोन पुण्याहून आलेली. एकाने जरी ताप आणला तर मावशीचं काय होईल, हे मी त्यांना तोंडावर विचारलं.

काका बाजेच्या काठावर पाय हलवत बसले होते. म्हणाले, "पोरी, तुझ्या कागदावं सहलीला जाऊ नका लिवलंय. मी सहलीला कुठं चाललोय? मी वाटंनं चाललोय."

मी म्हणाले, विषाणूला त्यातला फरक कळत नाही. ते म्हणाले, मग हिला न घेता जातो, एकटाच जातो. मी म्हणाले, एकटे जाल पण परत इथेच याल ना. ते म्हणाले, तोंडाला रुमाल बांधतो, खिडकीतनं तोंड भायेर ठेवतो, कंडक्टरशी बोलत न्हाई. कंडक्टरशी न बोलण्याची तयारी म्हणजे त्यांनी फारच मोठं काहीतरी सोडून दिलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी हटले नाही. आमचं भांडण टिपेला पोचलं असताना आत मावशीला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबेना. शेवटी काका उठले, आत जाऊन तिची पाठ चोळली, बाहेर आले आणि पिशवी खुंटीला लावली. आक्काच्या शेजाऱ्याकडे मोबाईल होता, त्यावर निरोप गेला की भाऊ यंदा येत नाही. पत्रकाने जे झालं नाही ते एका उबळीने झालं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी काका घरी. ही बातमी गावात कशी फिरली ते सांगायला नको. पाण्याला चाललेल्या बायांनी त्यांना बाजेवर पाहिलं. भाऊबीज, आणि हे बाजेवर, तेही तोंडाला रुमाल बांधून. माझ्याच आग्रहाने बांधलेला तो रुमाल. अर्थ एकच निघत होता. आणि आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जातात. संसर्ग, अंतर, या गोष्टी कागदावरच्या. भेटायला गेलं नाही तर उद्या तोंड कसं दाखवायचं, ही गोष्ट खरी. दहाच्या सुमारास केळी घेऊन पहिली चार माणसं आली. मग बिस्किटांचे पुडे, शहाळी. नारायणगावच्या व्याह्यांनी तर जीपच करून आणली, तीच जीप, जी काकांनी रद्द केली होती. प्रत्येक जण काकांच्या कपाळाला हात लावून ताप बघत होता आणि मग तोच हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवून मान हलवत होता. मी दारात उभी राहून पत्रकं वाटली. लोकांनी ती आदराने घेतली आणि काकांना वारा घातला. आणि जिची छाती वाचवायला हा सगळा खटाटोप, ती मावशी त्या गर्दीत कपबश्या घेऊन फिरत होती. मी कितीही सांगितलं तरी आलेल्या माणसाला चहाशिवाय लावून देणं तिला जमेना.

काका एवढंच म्हणाले, "मला काय झालंय?" पण ते कोणी मनावर घेतलं नाही. आजारी माणूस असंच म्हणतो.

दुपार कलताना फाटकाशी एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर नव्या तांदळाचं गठुडं, हातात डबा. जन्मात घाट चढून वर न आलेली आक्का, टोकावड्याला एक एस.टी., आळेफाट्याला दुसरी, मंचरला तिसरी बदलत एकटीच आली होती. दर वर्षी येणारा भाऊ येत नाही म्हणजे अंथरुणाला खिळला असणार, हा हिशोब तिनेही गावासारखाच केला होता. तिने अंगणभर माणसं पाहिली, दारात पडलेल्या वहाणांचा ढीग पाहिला, आणि ती फाटकातच मटकन खाली बसली. तिला वाटलं, उशीर झाला.

काका बाजेवरून असे उठले की बाजच उलटली. "आक्का, मी हाय. हा काय, उभा हाय."

तिने त्यांचे पाय चाचपले, गुडघ्यापर्यंत. "मंग आला का न्हाईस?"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. माझ्या हातात गुलाबी गठ्ठा. मी तिला सांगितलं, साथ आहे, प्रवासात धोका आहे, मावशीला दमा आहे, म्हणून मीच अडवलं. सगळं खरं होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मग रागाने नव्हे, नुसतं विचारल्यासारखं विचारलं, "ह्याला माझ्या वट्यावं टाकून ह्याची माणसं गेली, तवा मी इचारलं व्हतं का, की ताप कंचा हाय?"

याला उत्तर आहे. आजही मी ते पानभर लिहू शकते. पण तीन एस.टी. बदलून आलेल्या बाईला उभ्या उभ्या देण्यासारखं ते नव्हतं. मग मला जे येतं ते मी केलं. ओट्यावर चढले आणि ठणकावून सांगितलं की काकांना काहीही झालेलं नाही, आणि तुम्ही आता घरी गेला नाहीत तर होईल. लोक कुरकुरत गेले. व्याही जाताना शहाळी परत घेऊन गेले.

मावशीला मी आतल्या खोलीत खिडकीशी बसवलं. अंगणात पाट मांडला. आक्काने डब्यातून निरांजन काढलं, काकांना ओवाळलं आणि करंजी त्यांच्या तोंडाजवळ नेली. तोंडाला रुमाल होता. काका करंजीकडे बघेनात, आक्काकडे बघेनात. ते माझ्याकडे बघत होते, शाळेत पाणी प्यायला जाऊ का असं विचारणाऱ्या पोरासारखे.

"काढा," मी म्हणाले. "उघड्यावर आहोत. वारा आहे."

आक्का ओट्यावर झोपली. सकाळी घरी शेजाऱ्यावर सोडून आलेली म्हैस तिला बोलावू लागली, म्हणजे निघायची घाई झाली. काका पिशवी खांद्याला अडकवून आधीच फाटकात उभे. "स्टँडपर्यंत सोडून येतो," म्हणाले. मावशीने न बोलता दोन माणसांच्या भाकरी हातात ठेवल्या. मी म्हणाले, काका, परत आल्यावर घरात पाऊल टाकायचं नाही. ताप येत नाही याची खात्री होईपर्यंत मळ्यातल्या कांदाचाळीत राहायचं. मला वाटलं होतं ही शिक्षा आहे. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू आजवर त्यांना हे कोणी का सुचवलं नाही.

मंचरच्या स्टँडवर मी दोघांना मास्क दिले. गाडी आली. काकांनी आक्काचं गठुडं वर ठेवलं, जागा बरी आहे ना ते बघायला टेकले, आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. नारायणगावपर्यंत, असं काही ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. माझा गठ्ठा हातातच होता. त्या गाडीत मी पत्रकं वाटली नाहीत, पुढच्या गाडीत वाटली.

चार दिवसांनी मावशीने मला भाकरी घेऊन मळ्यात पाठवलं. कांदे बहुतेक विकले गेले होते आणि चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. पिशवी बांबूला टांगलेली, रिकामी. काका कांद्याच्या पातीवर घोंगडी टाकून दुपारचे गाढ झोपले होते, पाठ पूर्ण टेकून. मी लांबूनच भाकरी ठेवली. हाक मारणार होते, पण तेवढ्यात दाराशी लक्ष गेलं. चपला तिथे काढून ठेवलेल्या होत्या, झोपलेल्या माणसापासून चांगल्या लांब. तोंडं घराकडे.